प्रदर्शन वाढवले आहे

पडदा ओढणारा माणूस प्रेक्षकांना दिसत नाही. दिसलाच, तर त्याचं काहीतरी चुकलेलं असतं. गुणाजी परबांनी एकोणचाळीस वर्षं पडदा ओढला आणि ते एकदाही कुणाला दिसले नाहीत. दिसले ते निवृत्तीनंतर, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, चारकोपच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, डिसेंबरच्या अठ्ठावीस तारखेला, भर उन्हात. ही त्या दिवसाची गोष्ट.

परब मूळचे कणकवलीकडचे. वडील लालबागला गिरणीत साच्यावर, कापड विणायला. एकविसाव्या वर्षी गुणाजी एका नाटक कंपनीत सामान उचलायला लागले, आणि चार वर्षांनी गिरण्यांचा संप झाला तेव्हा घरात पगार आणणारे ते एकटेच उरले. सामान उचलता उचलता ते पडद्याच्या दोरीपर्यंत पोचले. पत्रा हलवून वीज कडाडवायची, सुपात वाळू घोळवून समुद्र आणायचा, खिडकीबाहेरच्या पांढऱ्या कापडाला मागून पुठ्ठ्यानं वारा घालून पहाट करायची, हे सगळं त्यांचं खातं. कंपनीचे मालक चारचौघांत म्हणायचे, "हिरोचा आवाज बसला तर आपण दुसरा उभा करू. गुण्याला ताप आला तर काय करायचं?" गुणाजी विंगेत उभे राहून हे ऐकायचे आणि खडूचा तुकडा कानावर खोचून पुढच्या प्रवेशाच्या खुर्च्या उचलायचे.

मालक गेले, तशी कंपनीही गेली. शेवटच्या प्रयोगानंतर व्यवस्थापकानं तिसऱ्या घंटेची पितळी घंटा गुणाजींच्या हातात दिली. म्हणाला, "गुणाजी, आता ही तुझी. मी विकली असती तर मालक स्वप्नात येऊन ओरडले असते."

ती घंटा घेऊनच ते आठ वर्षांपूर्वी 'पडवी'त आले. पडवी म्हणजे कलादालन. पूर्वी तिथं बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं बनायची. गंधाली नावाच्या बाईंनी तो गाळा भाड्यानं घेतला, आतून पांढरा केला, समोर काचेची भिंत घातली आणि तिथं आजच्या चित्रकारांची प्रदर्शनं भरवायला सुरुवात केली. एका बाजूला रबराचे वॉशर, दुसऱ्या बाजूला लग्नपत्रिकांची छपाई आणि मधे हे. गुणाजी तिथं सगळंच होते: रखवालदार, चित्रं टांगणारे, झाडणारे, चहा सांगणारे. त्यांनी टांगलेलं चित्र दोरा लावून मोजलं तरी केसभर वाकडं निघत नसे. दालन मिटायच्या आधी पाव तासानं ते पहिली घंटा द्यायचे, मग दुसरी, मग तिसरी. नवे लोक दचकायचे. जुने हसून चपला शोधायला लागायचे.

त्या डिसेंबरात घाटकोपरच्या संघमित्राचं प्रदर्शन चालू होतं. नाव 'उसवण'. ती जन्मली ती खोली पुनर्विकासात पाडली गेली होती. त्या खोलीतली एकेक वस्तू तिनं पांढऱ्या मलमलीवर पांढऱ्या दोऱ्यानं शिवली होती. स्टोव्ह, ट्रंक, शिलाई मशीन, भिंतीवरचं कॅलेंडर, खिडकीचे गज. असे तेरा पडदे, एकामागे एक टांगलेले. नुसतं बघितलं तर कोरं कापड. तुम्ही मधून चालायला लागलात की तुमच्या वाऱ्यानं कापड हलायचं, उजेड तिरका व्हायचा आणि दोरा दिसायचा. क्षणभरच. मग पुन्हा कोरं.

ते पडदे गुणाजींनीच टांगले होते. लोखंडी पाइपावर, छोट्या कप्प्या लावून, सुती दोरीनं. संघमित्रानं विचारलं होतं, "काका, कप्प्या कशाला? पडदे वर-खाली थोडीच करायचेत?"

"नसतील करायचे," गुणाजी म्हणाले होते. "पण पडदा आहे म्हटल्यावर कप्पी हवी. सवय झालीय माझ्या हाताला."

बावीस तारखेला गंधालीनं गुणाजींना आणि प्रांजलला समोर बसवलं. प्रांजल मुलुंडची, तिशी ओलांडलेली. पडवीचं इंटरनेटवरचं सगळं काम ती घरून बघायची आणि आठवड्यातून दोनदा यायची.

"गाळ्याचा करार एकतीस जानेवारीला संपतोय," गंधाली म्हणाली. "पुढं करायचा की नाही, माझं ठरत नाहीये. दिवसाला सात माणसं येतात, काका. त्यातली दोन शेजारच्या कारखान्यातली, आपल्या एसीत डबा खायला."

"पाच तर खरी ना," गुणाजी म्हणाले.

"ऑनलाइन दालन केलं तर घरबसल्या हजार बघतील. नाताळच्या सुट्टीत ते करूनच बघू. कॅमेऱ्यानं पूर्ण दालन फिरवून दाखवायचं, संघमित्राची मुलाखत, मुलांसाठी घरी करायचे उद्योग. जमलं तर पडवी इंटरनेटवर जाईल."

"आणि तिथं माझी खुर्ची कुठं ठेवणार?"

प्रांजल हसली. गंधाली हसली नाही. "पाच तारखेला सांगते, काका. तोवर मलाही विचारू नका." मग ती नेहमीच्या सुरात म्हणाली, "चोवीस ते चार सुट्टी. मी मनोरीला आहे, तिथं रेंजचा भरवसा नाही. तुम्ही रोज येऊन ओल वगैरे बघून जा. पण आत एकही माणूस घ्यायचा नाही. विम्याच्या कागदावर आपण बंद आहोत. आणि बाहेर मराठीत एक पाटी लावा, तुमच्या अक्षरात."

तर ही पाटी.

गुणाजींच्या घरात 'बंद' हा शब्द कुणी वापरत नसे. त्यांची आई देवापुढचा दिवा विझवायची नाही, वाढवायची. तिची बांगडी फुटत नसे, वाढत असे. नाक्यावरचा वाणी दुकान वाढवून घरी जाई. नाटक कंपनीतही शेवटच्या प्रयोगाला मालक म्हणत, "चला, ह्या गावचा मुक्काम वाढवला." जे पुन्हा सुरू व्हावंसं वाटतं, ते संपलं असं तोंडानं म्हणायचं नाही. तेवढीच समजूत, पण मोडायची नाही.

त्यामुळे भरल्या दालनावर, वर्षाच्या शेवटी, आणि पुढं काय होणार ते ठाऊक नसताना, 'बंद' लिहायला गुणाजींचा हात धजेना. पांढऱ्या फळ्यावर निळ्या रंगानं, नाटकाच्या जाहिरातीच्या ठसठशीत अक्षरांत त्यांनी लिहिलं: 'प्रदर्शन दि. २४ डिसेंबरपासून ४ जानेवारीपर्यंत वाढवले आहे. पडवी कलादालन.' फळा काचेला टेकवला, फोटो काढला आणि प्रांजलला पाठवला.

प्रांजलचा लगेच निरोप आला: 'काका, खरंच वाढवलं???'

गुणाजींनी चष्मा लावून एकेक अक्षर शोधत उत्तर दिलं: 'होय ताई. मॅडमच्या सांगण्यावरून.'

पलीकडून टाळ्या वाजवणारे सहा हात आले. सुट्टीचा इतका कसला आनंद, असं गुणाजींना वाटलं खरं. पण तरुण मंडळींचं काही सांगता येत नाही. त्यांनी शटर ओढलं, कुलूप घातलं आणि ते मालाडला घरी गेले.

पंचविसाला संध्याकाळी मुलगा सिद्धेशनं मोबाइलवर पडवीचं ऑनलाइन दालन उघडून दिलं. गुणाजी आणि मालन, दोघं पलंगावर शेजारी शेजारी बसले. कॅमेरा काचेतून आत शिरला, पडद्यांमधून सरकला, गोल फिरला. तेरा पांढरी कापडं. एकही हलेना. छायाचित्रकारानं फोटो हलायला नकोत म्हणून एसी आणि पंखे बंद करायला लावले होते.

"ह्या काय ओ?" मालन म्हणाली. "चादरी वाळत घातलेत?"

"गप गो. ता हलाक होया."

"मग हलवा मरे! तुमी थंय आठ वर्सां ह्याच बघत बसतास?"

गुणाजींनी मोबाइल उलटा ठेवला. खालची एक प्रतिक्रिया त्यांनी वाचली होती. कुणीतरी लिहिलं होतं, 'लाँड्रीचा पत्ता मिळेल का?' मालनला ती त्यांनी दाखवली नाही. हजार लोक घरबसल्या असंच बघणार आणि पाच तारखेला मॅडम सांगणार. ह्या दोन गोष्टींची बेरीज करायला त्यांना कागद लागला नाही.

अठ्ठाविसाला रविवार होता. तीनच्या सुमाराला ते ओल बघायला गेले, तर पडवीच्या पायरीवर सात-आठ बायका बसलेल्या. प्लॅस्टिकच्या डब्यातून चिवडा फिरत होता. बाजूला एक उंच म्हातारे गृहस्थ फळ्यावरची अक्षरं बोटानं हवेत गिरवत होते, आणि त्यांच्या पत्नी छत्रीनं वारा घेत होत्या. रबरवाल्यांच्या दाराशी कॉलेजातली चार-पाच मुलंमुली.

"आले, आले!" म्हातारे म्हणाले. "मी मधुकर. बोरिवलीला शाळेत चित्रकला शिकवायचो. ही कुंदा. अक्षर कुणाचं हो हे? काय वळण आहे!"

"अक्षर राहू दे," कुंदाताई म्हणाल्या. "आधी दार उघडायला सांगा. जन्मात पहिल्यांदा ह्यांना स्वतःहून पत्ता सापडला, तर कुलूप!"

गुणाजी गोंधळले. "पण आम्ही तर वाढवलंय."

"म्हणूनच तर आलो!"

"वाढवलंय म्हणजे... वाढवलंय," गुणाजी म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी फळ्याकडं बघितलं. आपलंच अक्षर, आपलाच निळा रंग. पण आज ते वाक्य भलतंच काही बोलत होतं.

त्यांनी प्रांजलला फोन लावला.

"काका! अहो, पाचशे जणांनी शेअर केलंय! 'लोकाग्रहास्तव प्रदर्शन वाढवलं' म्हणून टाकलं मी. सुट्टीची इंग्रजी जाहिरात पण काढून टाकली."

"ताई, मी प्रदर्शन मिटवलं असं लिहिलं होतं."

"मिटवलं कुठं? वाढवलं लिहिलंत!"

"दुकान वाढवतात, तसं."

 मग प्रांजल हळूच म्हणाली, "माझी आजी म्हणायची. मंगळसूत्र वाढवलं म्हणायची." आणि मग, "काका, वाट लागली आपली!"

गंधालीचा फोन लागेना. अकरा वेळा लावला. मनोरीच्या खाडीपलीकडून तीच ती बाई सांगत राहिली, संपर्क क्षेत्राबाहेर.

गुणाजी सगळ्यांसमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. "चूक माझी आहे. दालनाला सुट्टी आहे. कुणाला आत घेता येणार नाही. माफ करा."

कॉलेजच्या मुलांनी "यार!" म्हणून खांदे पाडले.  पायरीवरच्या बायकांतली एक उठली. बारीक अंगाची, साठी उलटलेली, बोटाला चिकटपट्टी लावलेली.

"भाऊ, आम्ही घाटकोपरवरनं आलोय. दोन बशी बदलून. ह्या समद्या पिको-फॉल करत्यात. लगीनसराईचं काम ठिवून आल्यात."

"समजतंय, ताई. पण..."

"माझी खोली हाये आत," ती म्हणाली.

गुणाजींना आधी उमगलं नाही. मग त्यांनी तिची हनुवटी पाहिली. तश्शीच हनुवटी संघमित्राची. "तुम्ही संघमित्राच्या..."

"आई. हौसाबाई. उद्घाटनाला ती न्यायला आलती. मीच न्हाई आले. म्हटलं, इंग्रजी बोलणारी मोठी मानसं, मी काय बोलू? आता ती बडोद्याला गेलीय कामाला. म्हटलं वाढवलंय, तर जाऊन यावं गपचूप." तिनं काचेला हात लावला. काचेमागं शटर होतं. "जाऊ द्या. न्हाई तर न्हाई. खोली काय, तशी पण पाडलेलीच हाये."

बायका चिवड्याचा डबा मिटायला लागल्या.

नाटकाच्या धंद्यात एक क्षण असा येतो. प्रेक्षागृह भरलेलं असतं, नायक वाटेत अडकलेला असतो, आणि मालक विंगेत येऊन म्हणतात, "गुण्या, कायतरी कर." असे क्षण गुणाजींनी डझनानं पाहिले होते. फरक एवढाच, की आज म्हणायला मालक नव्हते. आणि चुकलं तर पाच तारखेची वाट बघायची गरजच उरणार नव्हती.

मॅडम काय म्हणाल्या होत्या? आत एकही माणूस घ्यायचा नाही. शटर उघडायचं नाही, असं म्हणाल्या होत्या? नव्हत्या म्हणाल्या.

"थांबा," गुणाजी म्हणाले आणि त्यांनी प्रांजलला पुन्हा व्हिडिओवर फोन लावला. "कुणी जाऊ नका. बसा. पायरीवर लहान पुढं, उंच मागं. सर, तुम्ही उंच, तुम्ही मागं. हा माझा फोन धरा. ह्यात मुलुंडची एक बाई आहे, तिला सगळं दाखवत राहा. हात हलवायचा नाही."

"मी उभा राहीन तासभर," सर म्हणाले. "वर्गात चाळीस वर्षं उभाच होतो."

"काका, काय करताय तुम्ही?" फोनमधून प्रांजल ओरडली.

"तू रेकॉर्ड कर, ताई. आणि संघमित्राला लाव बडोद्याला."

शेजारच्या गल्लीवजा वाटेनं मागचं छोटं दार होतं. गुणाजी त्यातून आत गेले, अलार्म मिटवला, दार मागून लावून घेतलं. तेरा कप्प्यांच्या दोऱ्या त्यांनी सोडवून एकत्र आणल्या आणि शेवटच्या पडद्यामागं बसकण मारली. रबरवाल्यांकडचा एक मोठा पुठ्ठा पडून होता, तो उजव्या हाताशी घेतला. दोऱ्या डाव्या हातात. गुडघ्यांनी तक्रार केली, तिकडं लक्ष दिलं नाही. मग आठवलं, म्हणून पुन्हा उठले, घंटा घेतली आणि दिली. पहिली. थोड्या वेळानं दुसरी. बाहेरचा चिवड्याचा आवाज थांबला. तिसरी.

आणि आतून साखळी ओढून त्यांनी शटर वर घेतलं. धाडकन नाही. पडदा उघडतात तसं, आधी वीतभर, मग एका लयीत.

एक गोष्ट त्यांच्याही हिशेबात नव्हती. पडवीचं तोंड पश्चिमेला. पण चित्रांना ऊन लागू नये म्हणून शटर एरवी अर्ध्यावरच असायचं आणि आत दिवे लागायचे. डिसेंबरातला चार वाजताचा सूर्य आठ वर्षांत पहिल्यांदा सरळ आत आला. तेराही पडदे एकदम सोन्याच्या पाण्यात बुडवल्यासारखे झाले.

गुणाजींनी पुन्हा पडद्यांमागं बसून पुठ्ठा हलवला. जोरात नाही, पहाटेचा वारा घालायचे तितकाच. मागचं कापड फुगलं, त्यानं पुढच्याला धक्का दिला, त्यानं त्याच्या पुढच्याला. दोऱ्या आळीपाळीनं ढिल्या, ताठ, ढिल्या. आणि खोली दिसायला लागली. स्टोव्ह आला, गेला. ट्रंक. खिडकीचे गज उन्हात इतके लख्ख उमटले, की त्यांची सावली मागच्या पडद्यावरच्या मशीनवर पडली.

 बाहेरून एक बाई म्हणाली, "अगं, ती बघ ट्रंक!"

"मशीन बघ, हौसे, तुझी मशीन! चाक बघ कसं फिरतंय!"

"चाक न्हाई फिरत, कापड हालतंय."

"फिरतंय म्हटलं ना!"

हौसाबाई उठून काचेपाशी आल्या. कपाळ काचेला टेकवून, दोन्ही हात डोळ्यांशी धरून त्या बघत राहिल्या. "आमच्या दारातनं असंच दिसायचं," त्या म्हणाल्या. "कामावरनं आलं की दारातनं असंच. आधी खिडकी, मग मशीन, मग पोरगी खाली बसलेली."

"आई, मी मला नाही शिवलं," मधुकर सरांच्या हातातल्या फोनमधून आवाज आला. बडोद्याहून. "मला कसं शिवणार? मी बघत होते ना."

"अगं बया! तू हायेस व्हय तिथं?" हौसाबाईंनी फोनकडं वळून डोळ्यांना पदर लावला आणि लगेच रागावल्या. "कॅलेंडर उलट्या भिंतीला लावलंस! ते दाराच्या मागं होतं."

"दाराच्या मागं तू आरसा लावलेलास, आई."

"आरसा नंतर!"

हा वाद रंगात आला असतानाच सातव्या पडद्याची दोरी कप्पीत अडकली. गुणाजींनी ओढली, हिसडली. पडदा अर्धा गोळा होऊन तिरका लोंबला. शिलाई मशीन दुमडलं. आता विंगेतून काही होण्यासारखं नव्हतं. एकोणचाळीस वर्षं जे केलं नाही, ते करावं लागणार होतं. गुणाजी उठले, पडद्यांमधून चालत पुढं आले, भर उन्हात, सगळ्यांच्या समोर, आणि हात उंच करून दोरी सोडवू लागले. त्यांच्या चालण्यानं सगळे पडदे त्यांच्याभोवती हलायला लागले. मलमलीच्या त्या खोलीत एक म्हातारा माणूस घरचं काहीतरी दुरुस्त करतोय, असं दिसत होतं.

बाहेर टाळ्या वाजल्या. गुणाजींना कळेना, कुणाला. त्यांनी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

आणि टाळ्या वाजवणाऱ्यांच्या मागं, पायांना वाळू लागलेली, टोपी हातात धरून गंधाली उभी होती.

मनोरीला तिला कधीतरी रेंज आली होती. अकरा मिसकॉल बघून चोरी झाली, असं समजून ती मार्वेच्या फेरीबोटीनं आणि मग रिक्षानं धावत आली होती. गुणाजींचे हात दोरीवरच राहिले. टाळ्यांच्या आवाजात काचेपलीकडून ती काय बोलतेय, ते ऐकू येत नव्हतं. ती मागच्या दारानं आत आली.

"काका, हे काय आहे?"

"आत कुणाला घेतलं नाही, मॅडम."

"ते दिसतंय मला."

"पाटी मी चुकीची लिहिली. प्रांजलताईंची काही चूक नाही."

गंधालीनं पडद्यांकडं बघितलं. तीन आठवडे ती त्यांच्या शेजारी बसून हिशेबाची कामं करत होती. मशीनचं चाक फिरत होतं, किंवा कापड हलत होतं. "हे असं दिसतं?" तिनं विचारलं.

"ऊन आलं म्हणून. आणि वारा घातला की."

 काचेचं दार तिनं स्वतःच्या किल्लीनं उघडलं आणि हौसाबाईंना म्हणाली, "या, आई. माझ्याबरोबर आलेला माणूस विम्याला चालतो. एकेक जण या, गर्दी नको." सूर्य खाली गेला तेव्हा कुंदाताई शेवटच्या बाहेर पडल्या. जाताना मधुकर सरांना म्हणाल्या, "मी सांगितलं नव्हतं, आज जाऊ या म्हणून?" सर म्हणाले, "पत्ता मी शोधला." "शोधलात हो, शोधलात."

निघताना गंधाली गुणाजींना एवढंच म्हणाली, "पाच तारखेला लवकर या."

मधला आठवडा गुणाजींना जेवण गेलं नाही. प्रांजलनं त्या दुपारचं चित्रण ऑनलाइन दालनात घातलं. सिद्धेशनं ते दाखवलं, मालननं तीनदा बघितलं आणि म्हणाली, "ह्यो सदरो बरो नाय दिसत तुमका." लाँड्रीवाल्यानं आपली प्रतिक्रिया पुसून टाकली होती. जग काही बदललं नव्हतं. सोळाशे लोकांनी बघितलं होतं, बस्स. पण त्यातले बरेच जण विचारत होते, चार वाजता प्रत्यक्ष कधी बघता येईल?

पाच जानेवारीला सोमवारी गुणाजी नऊलाच पोचले. गंधाली आधीच आलेली. टेबलावर कागद होते, शिक्के मारलेले. तिनं मान वर केली.

"काका," ती म्हणाली, "गाळा वाढवला."

गुणाजी उभेच राहिले. मग त्यांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलं, पण एक बरंही वाटलं, की पोरीनं निदान शब्द चांगला वापरला. बंद केला म्हणाली नाही. आपल्यासाठी वापरला असेल. त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, शटरची, मागच्या दाराची, विजेच्या कपाटाची अशा तिन्ही एकेक करून वेगळ्या केल्या आणि टेबलावर ठेवल्या. घंटेकडं बघितलं. "ही मात्र माझी आहे, मॅडम. कंपनीची. ही नेतो."

"कुठं नेताय?"

"घरी."

"आणि चार वाजता वाजवणार काय?"

गुणाजींनी तिच्याकडं बघितलं. गंधाली त्यांच्याकडं बघत होती. मग टेबलावरच्या किल्ल्यांकडं. आणि मग तिला एकदम खोकल्यासारखं हसू फुटलं.

"काका, वाढवला म्हणजे वाढवला! अकरा महिने! काल सही झाली!" ती हसता हसता डोळे पुसू लागली. "ऑनलाइन दालन पण राहील. ऊन असेल त्या दिवशी चारला तुमचा प्रयोग, प्रांजल तो तिथं लावेल. ज्यांना जमेल ते येतील. आणि ती खुर्ची बदला हो, पाय हलतोय तिचा."

गुणाजींनी किल्ल्या उचलल्या. उचलताना एक खाली पडली. ती वाकून घ्यायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

मग ते बाहेर पायरीवर गेले आणि त्यांनी घरी फोन लावला.

"गो मालन," ते म्हणाले, "मॅडमनी गाळो वाढवलो."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. "अरे देवा," मालन म्हणाली. "मग आता कसा होतला ओ?"

गुणाजी लगेच काही बोलले नाहीत. एकोणचाळीस वर्षं विंगेत उभं राहिलेल्या माणसाला कुठं किती थांबायचं, ते कळतं. समोर रबरवाल्यांचं शटर वर जात होतं, छापखान्याचं मशीन सुरू होत होतं. त्यांनी मनातल्या मनात तीन मोजले, आणि मग सांगितलं.